चर्चेची खिडकी

कुंभवलीतले गाववाले आणि कंपन्यांत कामाला आलेले घाटावरचे लोक एकमेकांची डोकी फोडून दमले, तेव्हा शाळेच्या मधोमध भिंत बांधली गेली. अलीकडे गावची शाळा, पलीकडे कॉलनीची. पुढे वरून हुकूम आला, की चर्चा करा आणि शाळा एक करा.

गावच्या मुख्याध्यापिका प्रेमलाबाई म्हणाल्या, "आमी त्यांच्या दारातून जाणार नाय." पलीकडचे बन्सी सरही तसेच हटून बसले. मग चर्चेसाठी भिंतीत खिडकी बसवली. बाईंना ती लहान वाटली, सरांना उंच. मोठी करता करता सगळी भिंतच गेली आणि खिडकी तेवढी दोन खांबांना ठोकलेली मधोमध उभी राहिली.

पोरं एकाच सतरंजीवर पाढे म्हणू लागली. बाई आणि सर मात्र खिडकीतूनच बोलायचे. कुणी बाजूने येऊन काही विचारलं, की बाई खेकसायच्या, "खिडकी कशाला हाय मग?"

शाळा सुटली, की बाई खिडकी ओढून घेत, कडी घट्ट लावत. या लोकांचा काय भरवसा! मग खिडकीला वळसा घालून त्या सरांच्या दारातून बाहेर पडत. रिक्षास्टँड तिथून जवळ पडायचा.