ईसीजीवाल्या मन्मथची बायको

“ओ, जबडा दुखून राहिलाय माझा. अन् हा डावा हात बी जड झालाय.”

गौरम्मानं हे सांगितलं तेव्हा मन्मथ डबा पिशवीत घालत होता. श्रावणी सोमवार, तिचा कडकडीत उपवास. कपाळावर घाम होता, पण गॅसपाशी उभ्या बाईला घाम यायचाच.

“उपाशीपोटी दोनदा चहा ढोसलास. पित्त झालं असंल.”

“तुमच्या मशीनवर बघावं का एकदा?” तिनं हळूच विचारलं, आणि लगेच स्वतःच माघार घेतली. “नको बाई! तिथं सगळे वळखीचे. ब्लाउज काढून पडायचं म्हंजे लाज वाटती.”

खरं सांगायचं तर मन्मथला बरंच वाटलं. सोमवारी दवाखान्यात पाय ठेवायला जागा नसते. “तुझ्या हृदयाला काय धाड भरलीय?” असं हसत म्हणून त्यानं पित्ताची गोळी तिच्या हातावर ठेवली आणि स्कूटर काढली.

आता हा मन्मथ कोण? उदगीरच्या एका हृदयाच्या दवाखान्यात बावीस वर्षं ईसीजी काढणारा माणूस. अख्ख्या तालुक्याच्या छातीला त्यानं जेल लावलेली. बाई पेशंट असली की उज्ज्वला सिस्टर पडद्याआड तारा लावायची आणि हा बाहेर मशीनपाशी उभा राहायचा. घाबरलेल्या माणसाला समजावण्यात तर त्याचा हातखंडा. “हे बघा मामा, हृदय म्हंजे लग्नातला आचारी. सगळ्या अंगाला रक्त वाढतंय, पण त्याचं सोताचं ताट निराळं. तीन बारक्या नळ्यांतून मिळंल तेवढंच. एक नळी तुंबली की आचारी उपाशी, अन् मग अख्खी पंगत उठली!” पेशंट हसायचे. डॉक्टरसुद्धा हसायचे.

त्या दिवशी अकराच्या सुमाराला देवणीकडची एक बाई आली. जबडा दुखतोय, दरदरून घाम सुटलाय. डॉक्टर तिच्या नवऱ्यावर भडकले. “दाताचं दुखणं म्हणून दोन दिवस घरी ठेवली? बायकांना छातीतच कळ येते असं नाही, किती वेळा सांगायचं तुम्हाला!”

मन्मथला सकाळचं गौरम्माचं बोलणं आठवलं. हे वाक्य त्यानं हजारदा ऐकलं होतं, अहो, स्वतः लोकांना ऐकवलं होतं! त्यानं घाईघाईनं घरी फोन लावला.

“बरं हाय की आता,” गौरम्मा म्हणाली. आवाज दमलेला होता. “गोळीनं उतार पडलाय. तुम्ही जेवून घ्या.”

मेलं ते ‘बरं हाय’! जन्मभर तापातसुद्धा ती हेच म्हणत आली होती, आणि त्याला ते ठाऊक होतं. पण बाहेर बाकावर अठरा माणसं बसलेली. मन्मथ दवाखान्यातच थांबला.

एक वाजता शेजारच्या विरूपाक्षची रिक्षा दवाखान्याच्या पायरीला लागली. मागच्या सीटवर गौरम्मा आडवी. “वहिनी दारातच पडल्या ओ. घेऊन येऊन राहिलो होतो, तर वाटंत…” बोलता बोलताच विरूपाक्ष तिला उचलायला वाकला.

डॉक्टरांनी छाती दाबली, शॉक दिले, इंजेक्शनं टोचली. पाऊण तासानं ते बाजूला झाले आणि सवयीनं म्हणाले, “पट्टी काढा.” माणूस गेला हे नोंदवायलाही ईसीजीची पट्टी लागते. उज्ज्वला सिस्टर डोळे पुसत पुढं झाली. मन्मथनं तिला थांबवलं. पडदा ओढून घेतला. बावीस वर्षांत पहिल्यांदाच एका बाईच्या छातीवर त्यानं स्वतः तारा लावल्या, एकेक, जपून. कागद सरकत राहिला. रेघ सरळच होती.

पट्टीवर त्यानं नाव लिहिलं, वय लिहिलं, सत्तेचाळीस. मग ओल्या कापसानं जेल पुसली, हुक लावले, पदर सारखा केला. आणि तेव्हा कुठं त्याला हुंदका फुटला, असा की बाकावरची माणसं उठून उभी राहिली.

बऱ्याच वेळानं डॉक्टरांनी फॉर्म पुढं ओढला. “मन्मथ, त्रास कधीपासून होता?”

“सकाळी साडेसातपासून, साहेब.”

“घरात कुणाला बोलल्या होत्या का?”

“हाव,” मन्मथ म्हणाला. “मशीनवर बघावं का, म्हणाली होती. मला म्हणाली होती, साहेब. ते बी लिहा.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मन्मथ हलेना. ते लिहून होईपर्यंत तो तिथंच उभा राहणार होता.