पिशवीतला हात

घरात ती धाकटी, बाहेर टेलरबाई. चाळिशीला टेकली तरी आईच्या तोंडी धाकटीच. बाप गेला, दादाने वेगळं बिऱ्हाड केलं. आईची नजर गेली तेव्हा आईचं शिलाई मशीन धाकटीकडे आलं आणि मशीनसोबत आईही.

अशात दूरच्या गावातल्या मुलींच्या वसतिगृहातून बोलावणं आलं. शिवण शिकवायची, राहायला स्वतंत्र खोली. दादा म्हणाला, "जा तू. आईला मी नेतो." यापेक्षा माणसाने आणखी काय मागावं? पण आईला सुनेच्या घरी जायचं नव्हतं. तसं ती बोलली असती तर भांडता तरी आलं असतं. ती एवढंच म्हणाली, "देवाला विचारू या."

देवाला विचारायची त्यांच्या ख्रिस्ती मंडळीची एक पद्धत होती. मंडळी छोटी, पण आपल्या रीतीला घट्ट धरून बसलेली. मोठा निर्णय असला की रविवारी उपासनेनंतर कापडी पिशवीत दोन बटणं टाकायची. पांढरं म्हणजे हो, काळं म्हणजे नाही. ज्याचा प्रश्न, त्याचाच हात. डोळे मिटायचे, पाळकसाहेबांनी प्रार्थना करायची आणि हाताला लागेल ते देवाचं उत्तर मानून निमूट घरी जायचं. माणसाची इच्छा मध्ये लुडबुडायला नको, म्हणून हा सगळा खटाटोप.

आठवडाभर धाकटीने मनापासून प्रार्थना केली. "प्रभू, माझं मन बाजूला ठेव, तुला हवं तेच कर." आणि आमेन म्हणता म्हणता मनातल्या मनात त्या खोलीच्या खिडकीला पडदाही शिवून टाकला. देव काय, हसला असेल.

रविवारी सगळे गुडघ्यांवर. पुढच्या बाकाशी आई, तिच्यामागे दादा आणि वहिनी. पाळकसाहेबांची प्रार्थना झाली, धाकटीने डोळे मिटून पिशवीत हात घातला आणि तिथेच घात झाला.

एक बटण बोटांना गार लागलं, जड लागलं. दुसरं हलकं, कडेला साच्याची बारीक रेघ. गार ते शिंपल्याचं, म्हणजे पांढरं. हलकं ते प्लास्टिकचं, म्हणजे काळं. जुनी बटणं हरवली तेव्हा ही दोन्ही तिनेच तर आपल्या डब्यातून काढून दिली होती! आकार एकसारखा, भोकं चार-चार, झालं. तेव्हापासून मंडळीतल्या बेकरीवाल्याने हात घातला, वॉचमनने घातला, कुणालाच काही कळलं नाही. टेलरबाईचा हात या पिशवीत कधी जाईल, हे एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नाही. तिच्याही नाही.

तिने बटणं उलटसुलट केली, बोटं सैल सोडली. छे! जन्मभर अंधारात बटणं निवडलेली बोटं, ती काय आज देवासाठी अडाणी होणार? पांढरं उचललं, तर देवाच्या नावावर आपण पळालो. काळं उचललं, तर तेही आपणच उचललं. देवाला बोलायला जागाच उरली नव्हती.

"सावकाश, ताई, घाई नाही," पाळकसाहेब म्हणाले.

अगं, तेव्हाच तोंड उघडायचं ना! मला कळतंय कुठलं कुठलं, एवढंच म्हणायचं. पण मग सगळे विचारणार, बाई, तुला स्वतःला काय हवंय? आणि सगळ्यांसमोर, आईसमोर, "मला जायचंय" म्हणायची तिची छाती होईना. तिने काळं उचललं. आईच्या मायेने नाही, देवाच्या भीतीनेही नाही. आपल्याला कुणी स्वार्थी म्हणू नये, म्हणून. आज्ञाधारक दिसायची हौस ही पण हौसच की, पण हे तिला हात बाहेर आल्यावर कळलं.

"आमेन," सगळे म्हणाले. बेकरीवाल्याने डोळे पुसले. पाळकसाहेबांनी तरुण मंडळींना सांगितलं, आज्ञापालन शिकावं तर या ताईंकडून. वहिनीचा जीव भांड्यात पडला, तो तिच्या तोंडावर दिसलाच. धाकटीला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी आल्यावर तिने आईला खुर्चीत बसवलं, तिच्या चपला काढल्या. आई म्हणाली, "त्यातलं एक शिंपल्याचं होतं ना गं? माझ्या जुन्या कोटाचं?"

धाकटीचे हात थांबले. "तुला कसं माहीत?"

"मागे वॉचमनने काढलं, तेव्हा पिशवीत परत टाकायला माझ्या हातात दिलं होतं." आईने पुढे वाकून तिची बोटं चाचपली. "तुझ्या बोटांना मीच शिकवलंय, धाकटे. तुला कळलं होतं."

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर?"

"तर मी म्हटलं असतं, जा."

धाकटी आईच्या गुडघ्यांशी तशीच बसून होती. कितीतरी वर्षांत तिने आईकडे काही मागितलं नव्हतं. "मग आता म्हण ना, आई."

आईने चेहरा खिडकीकडे वळवला.

"आता कसं म्हणू?" ती म्हणाली. "आता देव बोललाय ना."

मग तिने प्यायला पाणी मागितलं आणि धाकटी उठली.