तोंड मिटून घेतलेलं माप

आत्याचं गल्लीच्या टोकाला शिवणाचं दुकान होतं. गिऱ्हाइकाचा कुठला खांदा उतरता आहे, हे तिला माणूस दाराशी पोचायच्या आत कळायचं. आणि आता सख्ख्या भाचीच्या एका फ्रॉकने तिच्या नाकी नऊ आणले होते.

भाची आठ वर्षांची, घरात सगळ्यांची भिंगरी. शनिवारी शाळेच्या गाण्यात ती पुढच्या रांगेत उभी राहणार होती. फ्रॉक दोनदा उसवून झाला, तरी अंगात चढला की पुढून फुगायचा, पाठीत ओढायचा आणि मागून घेर दोन बोटं वर उचलला जायचा. वहिनीने अगदी गोड आवाजात विचारलं, की मी तयार फ्रॉक आणू का. ते आत्याला इतकं लागलं, की शुक्रवारी सकाळीच ती तिसऱ्यांदा टेप घेऊन उभी राहिली.

भिंगरीच्या तोंडाचा पट्टा चालू असला की आकडे चुकायचे, म्हणून पहिला हुकूम ठरलेला होता: तोंड मीट. ती मिटायची आणि शिपायासारखी ताठ व्हायची. मानेपासून कमरेपर्यंत साडेदहा इंच, आधी दोनदा आणि आताही. टेपच आटली की काय, असं आत्याच्या मनात येतंय तोच तिने भाचीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. गाल लालबुंद, डोळे बाहेर.

"अगं, श्वास घे की."

"कसा घेऊ? तोंड मिटलंय ना."

"नाकाने घे."

"त्याने येतच नाही, आत्या. माझं नाक नुसतं दिसायला आहे."

आणि भिंगरीने फुस्सकन तोंड उघडलं. आत्याच्या डोळ्यांदेखत मान पुढे आली, खांदे गोल झाले, पाठीला बाक आला. तिने टेप लावली. साडेअकरा. मिटलं की साडेदहा, उघडलं की साडेअकरा! चौथ्या खेपेला दोघी हसून हसून कापडाच्या ढिगावर बसल्या. तेवढ्यात पँट न्यायला पोस्टमन आला, तर आत्याने त्यालाही पकडून त्याची पाठ दोन्ही तऱ्हांनी मोजली. तसूभर फरक नाही. नाक मोकळं होतं त्याचं.

नवा फ्रॉक उघड्या तोंडाच्या मापाने बेतला आणि शनिवारी तो असा बसला, की वहिनीला बोलायला जागाच उरली नाही. पण आत्याला चैन पडेना. सोमवारी ती आणि वहिनी भिंगरीला घेऊन नाक-कान-घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. बाईंनी सांगितलं, की नाकामागची ग्रंथी वाढली आहे. नाक बंद म्हणून तोंड उघडं. तोंडावाटे हवा सहज जावी म्हणून अशी बरीच मुलं डोकं पुढे काढतात, आणि डोक्यामागोमाग खांदे, पाठ सगळं वाकतं. मग आधी औषध झालं, पुढे पाठीचे व्यायाम.

चार महिन्यांनी भिंगरी तोच फ्रॉक घालून दुकानात आली. मान सरळ, ओठ मिटलेले, श्वास आरामात चाललेला. पाठीवर मात्र कापडाची भलीमोठी पिशवी लोंबत होती.

"आत्या, बिघडला गं हा," ती म्हणाली.

आत्याने ती लोंबती पिशवी चिमटीत धरून पाहिली. पुरता एक इंच. मग मशीन तसंच टाकून, भाचीच्या हाताला धरून ती वहिनीच्या घराकडे अक्षरशः पळत सुटली. आपण शिवलेला कपडा किती वाईट बसतो, हे तिला कधी एकदा दाखवते असं झालं होतं.