धाकटं शिंग

मी वाळवंटातला एक जुना, काळा डोंगर आहे. माझ्या एका अंगाला केनिया, दुसऱ्या अंगाला इथिओपिया. पण सीमेची रेघ मला कधी जाणवली नाही. मित्रांनो, मला जाणवत आली ती गाब्रा लोकांच्या उंटांची पावलं.

मला दोन शिंगं होती, थोरलं आणि धाकटं. उत्तरेकडून येणारे तांडे त्यांवर नजर ठेवून चालत. धाकटं थोरल्याआड पुरतं लपलं, की उगवतीकडे वळायचं, तिथे विहीर. परतीच्या वाटेवर मी प्रथम दिसताच वडीलधारा माणूस माझ्या दिशेने दुधाचे थेंब शिंपडी. ते माझ्यापर्यंत कधीच पोहोचले नाहीत. तरी त्यांच्यावर मी शतकं काढली.

मग सडक आली. सुरुंग लागले आणि एका दुपारी माझं धाकटं शिंग खडी होऊन गेलं.

एका तांड्याचा म्हातारा वाटाड्या गलगालो तेव्हा सीमेपलीकडच्या चराईवर होता. दुष्काळाची दोन वर्षं काढून तो उंटांसह परतला. दुरून मला पाहताच त्याने दूध शिंपडलं. धाकटं शिंग दिसेना. लपलं असेल, असं समजून तो वळला, विहिरीच्या कितीतरी अलीकडे. पाणी कुठेच नव्हतं. पखाली आटल्या, उंटाचं एक पिल्लू बसलं, ते उठलंच नाही.

भाचा एलेमा म्हणाला, "मामा, काठी त्या म्हाताऱ्या सांडणीला द्या. तिला तरी दिसतं."

गलगालोने वाटाड्याची काठी त्याच्याच हाती दिली. आपले डोळे गेले, असं त्याने मनाशी धरलं होतं.

निदान डोंगराची सावली तरी गाठू, असं म्हणत त्याची मुलगी दिरामू सर्वांना माझ्या पायथ्याशी घेऊन आली. तिथे तिने वर पाहिलं. काळ्या अंगावरची ती फिकट, ताजी जखम तिला दिसली.

"आब्बा," ती हळूच म्हणाली, "डोळे तुमचे गेले नाहीत. शिंग त्याचं गेलंय."

गलगालोने वर पाहिलं. मग त्याने हात पुढे केला. एलेमाने मान खाली घालून काठी परत दिली. पायथ्यापासूनची वाट म्हाताऱ्याच्या पावलांना पाठ होती. ऊन कलण्याआधी उंटांच्या माना विहिरीच्या कुंडात बुडाल्या.

दुसऱ्या सकाळी बापलेक परत आले. त्याने दूध माझ्या कातळावरच ओतलं. इतक्या वर्षांत प्रथमच ते मला लागलं, कोमट होतं. दिरामूने वर चढून तुटल्या जागी एक दगड ठेवला. आता येणारा प्रत्येक तांडा एकेक ठेवतो. रास दिरामूच्या कमरेइतकी झाली आहे. दुरून ती अजून दिसत नाही.

मित्रांनो, तुमच्या गावाशेजारचा डोंगर फोडायला कुणी आलं, तर आधी एवढं विचारा, की त्याच्याकडे पाहत घरी कोण येतंय.