वाकलेला फोटो

तोमिएने ओलाच फोटो भाताच्या खळीने पुठ्ठ्यावर चिकटवला, तोही खालच्या कडेपुरता, आणि स्टुडिओकडे धूम ठोकली. त्या काळी टीव्हीच्या बातम्यांत फोटो दाखवायचा, म्हणजे तो उभा करून सरळ कॅमेऱ्यासमोर ठेवायचा. वर दिवे असे, की खाली मासा ठेवला तर भाजून निघावा.

फोटो होता फेरीबोटीचे मालक इवाकुमा यांचा. त्यांची बोट वेळेआधीच सुटली आणि एका नवरीचं अख्खं वऱ्हाड रात्रभर बेटावर अडकून पडलं. गाव खवळलं होतं. पण इवाकुमा हट्टाला पेटलेले. निवेदक गंभीर आवाजात वाचू लागला, "मी कुणापुढे वाकणार नाही, असं इवाकुमा यांनी ठणकावून सांगितलं..."

आणि नेमका तेव्हाच दिव्यांच्या धगीने फोटो सुकून वळू लागला. आधी कपाळ पुढे आलं, मग खांदे. भर बातम्यांत, साऱ्या गावासमोर, इवाकुमा सावकाश कमरेत वाकले आणि वाकलेलेच राहिले.



"पूर्ण चिकटवला असतास तर काय हात झिजले असते?" तिचे वरिष्ठ काजितानी साहेब ओरडले. "इवाकुमा आता कोर्टात खेचतील. मग तुझी नोकरी देवसुद्धा वाचवणार नाही."

सकाळी इवाकुमा आलेच. तोमिए डबा-छत्री आवरूनच बसली होती.

"फोटो कुणी लावला होता?"

"मी."

इवाकुमा धपकन खुर्चीत बसले. "नवरीच्या बापाने घरी शुभकार्यातला लाल मासा पाठवलाय. म्हणतो, एवढं वाकून माफी मागितलीत, आता माझा राग कसला? आणि आमची बायको म्हणते, जन्मात माझ्यापुढे मान झुकली नाही, नि टीव्हीवर लोटांगण?"

"मग... तक्रार?" साहेब चाचरले.

"कसली तक्रार! आज त्याच्या घरी जायचंय. तिथे कमी वाकलो, तर म्हणेल, यापेक्षा फोटो बरा होता." ते तोमिएकडे वळले. आवाज उतरला. "बाई, मी रागाने टीव्ही लावलाच नव्हता. नेमका किती वाकलो होतो मी?"

तोमिएने त्यांना भिंतीपाशी उभं केलं.

"अजून खाली, मालक."

"एवढं?"

"अजून."

साठीची कंबर कुरकुरली, पण वाकली. तोमिएला हसू आवरेना.

"हां, आता बरोबर. उठा."

ते उठले नाहीत.

"वऱ्हाड धावत येताना दिसत होतं मला," जमिनीकडे बघत ते पुटपुटले. "तरी सोडली बोट. चुकलं माझं."

तोमिएचं हसू विरलं. तीही त्यांच्यासमोर तेवढीच वाकली.