साली

फानेआत्याने फुलाची एक पाकळी मोडली आणि सरळ तोंडात टाकली.

"आंबट आहे."

"आंब्याच्या साली आहेत, आत्या," लुपे म्हणाली. "शिजवून, वाटून कसाव्याच्या पिठात घोटल्यात. वाळल्या की अगदी प्लॅस्टिक. पण मातीत गेल्या की मातीच."

"म्हणजे डुकरांचं जेवण. ते माझ्या भावाच्या छातीवर ठेवणार तू?"

मागे चटया विणणाऱ्या बायका खिदळल्या. लुपेची आई सेइनी हसली नाही. उद्या तिच्या नवऱ्याला जाऊन वर्ष होत होतं आणि थडगं नव्याने सजवायचं होतं. ऑकलंडहून मुलाने पाठवलेल्या प्लॅस्टिकच्या गुलाबांचा खोका तिने केव्हाच पुसून ठेवला होता. पण या बेटावर वडिलांची थोरली बहीण म्हणजे घरातला शेवटचा शब्द. फानेआत्याचा मान तर गावभर होता; तिने मान्य केलेलं गावातल्या बाकीच्या थडग्यांवरही चढलं असतं. तिने नाकारलेल्याला कुणी हात लावला नसता. दुकानातली नोकरी सोडून लुपेने या फुलांसाठी वर्षभर मागच्या चुलीवर पातेली करपवली होती.

"पाऊस आला तर?" आत्याने विचारलं.

लुपेला खोटं बोलता आलं असतं.

"विरघळतील. मग मी नवीन करीन."

आत्याने बराच वेळ फूल बोटांत फिरवलं.

"ठेव," ती म्हणाली.

शनिवारी फुलं चढली. रविवारी चर्चमध्ये गाणी चालू असतानाच पाऊस कोसळला. घरी परतणाऱ्या साऱ्या गावाने पाहिलं: थडग्यावरच्या पांढऱ्या वाळूत केशरी ओघळ, फुलांच्या जागी बुळबुळीत लगदा. रविवारी कामाला हात लावायचा नसतो. दिवसभर ते तसंच उघड्यावर राहिलं.

"उद्या गुलाब लावू," संध्याकाळी सेइनी एवढंच म्हणाली. लुपेने मान हलवली.

सोमवारी उजाडताच मायलेकी बादली घेऊन निघाल्या. थडग्यापाशी आधीच कुणीतरी बसलं होतं. फानेआत्या. काळा झगा ओला, हात मनगटापर्यंत केशरी. ती वाळूतून लगदा वेचत होती.

सेइनी धावलीच.

"वन्सं, उठा आधी! कुणी पाहिलं तर? हे आमचं काम आहे, तुमचं नाही."

"माहीत आहे मला."

"मग?"

आत्याने मान वर केली नाही.

"तो गेला तेव्हा तुम्ही सगळ्यांनी रांधलं, वाळू वाहिली, रात्री जागलात. मला मानाच्या चटईवर बसवलं. वर्षभर इथली गवताची काडीसुद्धा कुणी मला उपटू दिली नाही." तिने लगद्याचा गोळा बाजूला ठेवला. "त्याला मी कडेवर घेऊन वाढवलं, सेइनी."

सेइनीने बादली आत्याच्या हाताशी सरकवली आणि समोर बसली. लुपे उभीच राहिली.

"या साली कुठून आणतेस?" आत्याने विचारलं.

"बाजारातून. शुक्रवारी आंबेवाल्या टाकून देतात."

"शुक्रवारी जाताना मला हाक मार."

लुपेने आईकडे पाहिलं. सेइनी तळहाताने वाळू सारखी करत होती. पायाकडून डोक्याकडे सरकत ती आत्यापाशी आली, थांबली, आणि तिच्या पुढचा तेवढा भाग तिच्या हातांसाठी सोडून पलीकडे गेली.