काडी ओली होईना

कारखान्याचा उसाचा ट्रक कालव्यात आडवा झाला, ड्रायव्हरच्या खिशात चिलीम सापडली आणि कार्यकारी संचालक नानासोंना सुधारणेची लहर आली. साल अठ्ठ्याण्णव. साताऱ्याहून डॉक्टर शौनक विलायती काड्यांचा डबा घेऊन आले. काडीच्या टोकाचा कापूस तीन मिनिटं जिभेखाली धरायचा, लाळेनं भिजला की पट्टीवर टेकवायचा. ताजा गांजा ओढला असेल तर पट्टी जागेवर चुगली करते. शुद्ध ठरेल त्याला ट्रकची किल्ली, बाकीच्यांना घरचा रस्ता.

चार ड्रायव्हरांच्या रांगेत नाथाजी पहिला. फौजेत पंधरा वर्षं गाडी चालवलेला, सुपारीलाही न शिवणारा माणूस. पण परीक्षा म्हटलं की शाळेपासून त्याच्या घशाला कोरड पडायची. काडी खडखडीत बाहेर आली.

"गांजानं तोंड कोरडं पडतं," डॉक्टर म्हणाले.

"सायेब, भ्यानंबी पडतंय!"

"आमीबी लय भ्यालोय," मागून ज्योतिबा म्हणाला. एरवी पिचकाऱ्यांनी कारखान्याच्या भिंती रंगवणाऱ्या ज्योतिबाच्या आणि त्याच्या दोन जोडीदारांच्या तोंडात आज थेंब नव्हता.

नानासो कडाडले, "जेवणाच्या सुट्टीपातूर काडी भिजली न्हाई, तर किल्ली दुसऱ्याला!"

जेवणाचा डबा घेऊन आलेली नाथाजीची बायको शालूबाई दारातच थबकली. नोकरी जाते म्हटल्यावर तिनं खाली बसकण मारली.

"आवं, माज्याकडं बघा. कवळी हिरवी चिंच घ्यायची. पाट्यावर मीठ, हिरवी मिरची, गुळाचा खडा घालून ठेचायची. गोळा काडीला थापायचा. आन् मग जिभंच्या शेंड्यानं हळूच..."

नाथाजीचा गळा हलला. डॉक्टरांनी आवंढा गिळला. नानासोंनी रुमाल काढला. रांगेतल्या तिघांनी तोंडं गच्च मिटली, पण ज्योतिबाच्या ओठाच्या कोपऱ्यातून धार लागलीच.

"काड्या लावा!" डॉक्टर ओरडले.

चारही काड्या निथळल्या. नाथाजीची पट्टी स्वच्छ निघाली. उरलेल्या तिघांच्या पट्ट्यांनी सगळं सांगितलं.

"वैनी, काय गुन्हा केलावता आमी?" ज्योतिबा कळवळला.

नानासोंनी नाथाजीची पाठ थोपटली आणि हातात किल्ली ठेवली. मग दुसरी, तिसरी, चौथी.

"फडात चार खेपांचा ऊस वाळतोय, गड्या. आता शुद्ध माणूस तू एकटाच."

शालूबाईनं जेवणाचा डबा पुढं केला. "मंग ह्यो गाडीतच खावा," ती म्हणाली. "घरी कवा येताय, देव जाणं."